पलटणीला आचारी हवा

ताईंनी मला पहिल्या दिवशी कामाचं काहीच विचारलं नाही. माझ्या तळहातावर एक दात ठेवला आणि म्हणाल्या, "हा कोणाचा, सांग."

मी दात उलटसुलट करून पाहिला. सिरॅमिकचा, वरचा, पुढचा. "पेशंटचं नाव कुठे लिहिलेलं नाहीये," मी म्हटलं.

"नाव कोण विचारतंय? माणूस सांग. वय काय? चहा किती पितो? मोकळं हसतो की ओठ मिटून?"

मी दात पुन्हा उलटा केला. त्यांनी दात परत घेतला, चष्म्यावर लावलेलं भिंग खाली ओढलं आणि कामाला लागल्या. मान वर न करताच म्हणाल्या, "येईल हळूहळू. डिप्लोमात हे शिकवत नाहीत."

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांच्या रांगेत आमची डेंटल लॅब होती. शेजारच्या गाळ्यांतून दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज यायचा आणि त्या आवाजात आम्ही आठजण लोकांचे दात बनवायचो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे. मापावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर कॅप, कॅपवर रंग आणि मग भट्टी. यातलं रंगाचं टेबल ताईंचं. पन्नाशीच्या आसपासच्या, बारीक, काळ्यासावळ्या बाई. सुती साडीवर खिशांचा अ‍ॅप्रन. त्यांना सगळे ताई म्हणायचे, आमचे शेठसुद्धा. टेबलावर त्यांचे दोन स्टीलचे पेले असायचे, एकात चहा आणि दुसऱ्यात ब्रश बुडवायचं पाणी. आठवड्यातून एकदा तरी त्या चुकीचा पेला तोंडाला लावायच्या, एक घोट घ्यायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "आज साखर कमी पडली."

त्याच टेबलावर, रंगांच्या बाटल्यांमागे, औषधाच्या बाटलीच्या झाकणावर एक शिपाई उभा असायचा. उंची अंगठ्याच्या पेराएवढी. पण त्याच्या गालावर दोन दिवसांची वाढलेली दाढी दिसायची, आणि तो कोणावर तरी वैतागलाय हेही कळायचं.

हे शिपाई ताईंच्या आयुष्यात आले ते चुकून. टेबलावर खेळायचा लढाईचा एक खेळ असतो. दोघांनी आपापलं सैन्य आणायचं, पट्टीने अंतर मोजून ते पुढे सरकवायचं, फासे टाकून एकमेकांची माणसं मारायची. सैन्य येतं ते करड्या प्लास्टिकचं, हात, पाय, डोकी सुटी. जोडायचं आणि रंगवायचं आपण. भाईंदर पश्चिमेला आमचे एक डॉक्टर होते, त्यांना या खेळाचं वेड. एकदा त्यांच्याकडून आलेल्या मापांच्या डब्यात कापसात गुंडाळलेला एक शिपाई निघाला. सोबतच्या चिठ्ठीवर, जिथे दाताचा नंबर लिहायचा तिथे, लिहिलं होतं: 'उजवा हात तुटलाय. बसेल का?'

लॅबमध्ये हसाहस झाली. ताई हसल्या नाहीत. त्यांनी खांद्यात केसाएवढं भोक पाडलं, तुटलेल्या हातात तसंच दुसरं पाडलं, दोघांत बारीक तार घातली आणि चिकटवून टाकलं. काम संपलं होतं. पण शिपायाचा चेहरा त्यांना बघवेना. "हात बसवला, पण तोंड बघा याचं," त्या म्हणाल्या. "काविळीचा पेशंट वाटतोय." आणि डॉक्टरांना न विचारता त्यांनी तो चेहरा पुसून पुन्हा रंगवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः स्कूटरवरून आले. त्यांनी दारातूनच विचारलं, "हा कोणी केला?" आणि ताईंसमोर पंधरा करड्या माणसांची एक पेटी ठेवली. ही गोष्ट माझ्या आधीची. मी आले तेव्हा पेटी संपून तीन वर्षं झाली होती, आणि ताई आता स्वतःसाठीच शिपाई मागवत होत्या.

रंग शिकवताना त्या दात आणि शिपाई यांत फरक करायच्या नाहीत. "दात पांढरा नसतो," हे त्यांचं रोजचं वाक्य. "पांढरी असते ती टाईल. दातात पिवळा आहे, राखाडी आहे, टोकाला निळसर आहे. तसाच गाल. गाल काय गुलाबी असतो होय? उन्हात चालून आलेल्या माणसाच्या नाकाचा रंग वेगळा, कानाचा वेगळा." रंग पाण्यासारखा पातळ करून एकावर एक दहा हात द्यायच्या. मी घाई करून जाड थर दिला की म्हणायच्या, "भिंत रंगवतेयस का? गोडदेवला माझ्या खोलीची राहिलीये, ये रविवारी."

चेहरा रंगवण्याआधी त्या शिपायाशी गप्पा मारायच्या. हा सकाळी काय खाऊन निघालाय? घरी कोण आहे? हे ठरल्याशिवाय ब्रश ओला होत नसे. आमच्यातलं कोणी हसलं तर त्या म्हणायच्या, "तुम्ही उपाशी असताना आणि जेवल्यावर सारखेच दिसता का?"

आणि पाय. शिपाई ज्या गोल चकतीवर उभा असतो, त्या चकतीसाठी ताईंनी घातलेल्या फेऱ्या वेगळ्याच. "ज्याच्या पायाखाली जमीन नाही ते खेळणं," त्या म्हणायच्या. सुट्टीच्या दिवशी बसने उत्तनजवळच्या डोंगरीला जायचं, पिशवीत रिकाम्या इंजेक्शनच्या बाटल्या घ्यायच्या आणि तांबडी माती, वाळलेलं शेवाळ, खडीचा चुरा, उत्तनच्या किनाऱ्यावरची वाळू असं काय काय भरून आणायचं. एकदा मी बरोबर होते. रस्त्याकडेला बसून ताई चिमटीने माती भरत होत्या. टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबली.

"काय गो, तुमच्याकडं माती न्हाय काय?"

"आहे की. पण ह्याला ही लागते."

"कोणाला?"

ताईंनी पर्समधून शिपाई काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "जिता हाय जसा," ती म्हणाली, आणि आपल्या अंगणातलं शेवाळ काढून द्यायला आम्हाला घरी घेऊन गेली.

सगळं जमायचंच असं नाही. एका उन्हाळ्यात ताईंनी मिठागराच्या कडेची पांढरी खपली आणली आणि दहा शिपाई बर्फात उभे केले. फार सुंदर दिसत होते. जुलैत मिठाला पाणी सुटलं आणि सगळे आडवे झाले. ताईंनी ते दिवसभर तसेच ठेवले. "थंडी सोसली नाही," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी नव्या चकत्या कापायला घेतल्या.

गोडदेवला त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर. ताईंची आई बरोबर होती, ऐंशीच्या पुढची, मूळची रत्नागिरीकडची. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा आईंनी शिपायांच्या कपाटाकडे बोट दाखवून मला सांगितलं, "लोकांच्या मुली संसार करतात. आमच्या हिनं पलटण केली." तक्रार होती की कौतुक, ते त्यांच्या आवाजावरून कळेना. पण कपाटाच्या काचेवर धुळीचा कण नव्हता, आणि ती काच आईच पुसायच्या.

त्या पलटणीत आचारी आला तो डॉक्टरांशी झालेल्या वादातून. डॉक्टर ताईंना खेळ शिकवत होते. ताईंनी मध्येच विचारलं, "एवढी माणसं लढायला निघालीत. ह्यांना जेवायला कोण घालतं?"

"ताई, गेममध्ये जेवण नसतं."

"मग तुमचा गेम उपाशी आहे."

त्याच आठवड्यात त्यांनी एका शूरवीराची तलवार मनगटापाशी कापली आणि हातात पळी दिली. पळीची दांडी तारेची, पुढची वाटी दाताच्या मेणाची. गळक्या नळाला लावतात ती पुट्टी मळून त्याला पोट दिलं. ढालीचं झालं टोपाचं झाकण. तलवार टाकली नाही, ती कमरेला मागे खोचली. आचारी उभा राहिला आणि मग बाकीचेही आले. एकजण दुसऱ्याची दाढी करतोय. एकाच्या पायात काटा गेलाय आणि तो दगडावर बसून तो काढतोय. भाले रोवून त्यांवर दोरी बांधलीये आणि एकजण धोतर वाळत घालतोय. परदेशातल्या कुठल्या तरी कारखान्यात कापाकापीसाठी जन्मलेली ती माणसं गोडदेवच्या खोलीत आपापल्या कामाला लागली.

हे सगळं रंगात आलेलं असताना ताईंचा हात थरथरायला लागला.

आधी एक कॅप परत आली. दात खरा वाटावा म्हणून काढतात ती तपकिरी रेघ जिथे खाचेत हवी तिथून सरकली होती. ताईंनी ती मुकाट्याने पुन्हा केली. पंधरा दिवसांनी आणखी दोन परत आल्या. मग एका दुपारी शेठ टेबलापाशी आले. माणूस वाईट नव्हता. वडिलांच्या काळापासून धंदा करत होता आणि गिऱ्हाईक डॉक्टर तुटले की परत येत नाहीत हे त्याला माहीत होतं.

"ताई, आप थोडे दिन प्लास्टर संभालिये," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "आराम का काम है."

प्लास्टरचं काम आरामाचं नसतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. लॅबमध्ये नवा आलेला माणूस तिथे बसतो. शेठ माझ्याकडे वळले. "और बेटा, कल से कलर पे तुम."

चार वर्षं मला ते टेबल हवं होतं, आणि मिळालं ते असं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेले. ताईंनी टेबल पुसून ठेवलं होतं. दिव्याची मान माझ्या उंचीप्रमाणे खाली वाकवली होती. शिपाई तिथे नव्हता.

"ताई, मी शेठना नाही म्हणून सांगते," मी म्हटलं.

"कशाला? टेबल आहे, कोणीतरी बसणारच. पाठ सरळ ठेव, नाहीतर चाळिशीत माझ्यासारखा बाक येईल." आणि त्या आतल्या खोलीत प्लास्टर कालवायला गेल्या.

दोन महिने त्यांनी शिपायांचं नाव काढलं नाही. डॉक्टरांनी त्यांना मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. घाबरण्यासारखं काही नाही, असं त्यांनी सांगितलं. घराण्यातली थरथर, वडिलांनाही होती. वाढेल हळूहळू. गोळ्यांनी थोडा फरक पडेल, पण जायची नाही. ताईंनी मला हे सांगितलं ते दुसऱ्या कोणाच्या आजाराबद्दल सांगावं तसं.

मग एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "ये. काहीतरी दाखवायचंय."

कपाटाच्या खालच्या फळीवर साठेक शिपाई रांगेत उभे होते. मी वाकून पाहिलं. एकाचे डोळे तिरळे. एकाचा डोळा गालावर उतरलेला. एकाची भुवई कपाळभर पसरलेली. दोन महिने ही बाई रोज प्रयत्न करत होती आणि रोज एक चेहरा बिघडत होता.

"ही माझी तिरळी तुकडी," ताई म्हणाल्या.

"पुसून पुन्हा का नाही केले?"

"का? त्यांनी काय केलंय?" त्या खिडकीपाशी बसल्या. "आता हे बघ. मी लक्ष ठेवलं, हात थरथरतो कधी? एकटा असला की." त्यांनी उजवा हात हवेत धरला. ब्रशचं टोक भिरभिरू लागलं. "आपल्या लॅबमध्ये दात स्टँडवर बसवतात. तो असतो गप्प आणि हात हलतो. मग जमायचं कसं? आता समज, आपण दोघी बसमध्ये शेजारी बसलोय. बस हलते, तू हलतेस, मी हलते. पण बोलतो ना आपण? तुझं तोंड मला नीट दिसतं ना? दोघी एकत्र हलतोय म्हणून. तू बसमध्ये आणि मी थांब्यावर, मग कसं बोलायचं?"

शिपाई त्यांनी बाटलीच्या बुचावर चिकटवला होता. बूच डाव्या हातात घेतलं. दोन्ही कोपरं बरगड्यांना लावली, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवली आणि घट्ट दाबली. हात अजूनही थरथरत होते. पण आता शिपाई आणि ब्रश एकत्र थरथरत होते, आणि त्यांच्यामधलं अंतर जागच्या जागी होतं.

"आता श्वास," त्या पुटपुटल्या. "सोडला की पुढचा घ्यायच्या आधी जरा थांबतो. तेवढ्यात डोळा काढायचा."

त्यांनी श्वास सोडला. ब्रश टेकला आणि उचलला. पुन्हा श्वास, पुन्हा टेकला. मग भिंग वर करून त्यांनी बूच माझ्याकडे फिरवलं. राईच्या दाण्याहून लहान दोन डोळे सरळ माझ्याकडे बघत होते.

मी त्यांना मिठीच मारली. स्वयंपाकघरातून आई ओरडल्या, "जमलं का गो?" म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक होतं.

"शेठना सांगूया," मी म्हटलं.

"काय सांगू? बाहुल्याचा डोळा आला म्हणून? आधी पलटण पूर्ण होऊ दे."

पुढचे पाच महिने त्या दिवसा प्लास्टर कालवत होत्या आणि सकाळी कामाला यायच्या आधी दोन तास रंगवत होत्या. तीस शिपाई झाले. मुंबईत एका शाळेच्या हॉलमध्ये या खेळाचा मेळावा भरतो आणि तिथे सर्वांत सुंदर रंगवलेल्या सैन्याला बक्षीस असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. ताईंनी नियमांचं पुस्तक मागवलं. इंग्रजी पुस्तक, शब्दकोश आणि पेन्सिल घेऊन त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. प्रत्येक पानाच्या कडेला मराठीत अर्थ.

सैन्य न्यायचं कसं हा प्रश्न होता. ताईंनी प्रत्येक चकतीखाली छोटं लोहचुंबक बसवलं आणि डबा शोधायला आम्ही भांड्यांच्या दुकानात गेलो. पण सगळ्या स्टीलला चुंबक चिकटत नाही. ताई एकेक डबा उचलून बुडाला चुंबक लावून पाहायच्या आणि मान हलवून खाली ठेवायच्या. सतरा-अठरा डबे झाल्यावर दुकानदाराचा धीर सुटला. "मॅडम, डिब्बा लेना है या चुंबक बेचना है?" शेवटी त्याच्या दुकानातला सगळ्यात हलका, कोणी न घेणारा डबा टक्कन चिकटला आणि ताईंचा चेहरा उजळला.

डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. हॉलमध्ये बहुतेक तरुण मुलगे, काळे टी-शर्ट, सगळीकडे इंग्रजी. ताई चॉकलेटी काठाची साडी नेसून, डबा छातीशी धरून आत शिरल्या. दारावरचा कार्यकर्ता लगबगीने पुढे आला. "आंटी, खाना बाहर रखना पडेगा."

ताईंनी झाकण उघडलं. "खाना नहीं है बेटा. खानेवाले हैं."

त्याने आत पाहिलं, आणि बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

टेबलावर पलटण मांडली तशी माणसं जमू लागली. आधी दोघं, मग दहा, मग मागचे टाचा उंचावून बघू लागले. चुलीतला लाल निखारा, टोपातल्या डाळीवरची चकाकी, दाढी करणाऱ्याच्या गालावरचा साबण. आणि मधोमध ताईंनी सगळ्यांत शेवटी केलेली जोडी: एक दात काढणारा, आणि त्याच्यासमोर आ वासून बसलेला धिप्पाड योद्धा.

तेवढ्यात एक दाढीवाला तरुण पुढे आला. मीरा रोडचा होता, आधीच्या दोन्ही वर्षी बक्षीस त्याचं. त्याचा आवाज उद्धट नव्हता, पण ठाम होता. "काम मस्त आहे. पण हे सैन्य नाही. हा स्वयंपाक करतोय, तो कपडे वाळत घालतोय. रूल असा आहे की प्रत्येकाचं वेपन दिसलं पाहिजे. हे स्पर्धेत घेता येणार नाही."

परीक्षक एक टक्कल पडलेले गंभीर गृहस्थ होते. त्यांनी ताईंकडे पाहिलं.  पाच महिने डोळ्यांसमोरून गेले.

ताईंनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं आणि खूण केलेलं पान उघडलं. "शस्त्र दिसलं पाहिजे, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "हातात पाहिजे असं कुठे लिहिलंय, ते दाखवा."

दाढीवाल्याने पान वाचलं, मग परीक्षकांनी वाचलं. ताई एकेकावर टाचणी ठेवत गेल्या. "आचारी, तलवार कमरेला. हे तिघं, भाले दोरीला. हा दाढी करून घेतोय, कुऱ्हाड मांडीवर. काटा काढणाऱ्याचं धनुष्य दगडाला टेकलंय. आणि हा," टाचणी धिप्पाड योद्ध्यावर थांबली, "ह्यानं दुखतंय म्हणून दोन्ही हातांनी तलवार आवळून धरलीये. बघा, बोटं पांढरी पडलीत."

परीक्षकांनी तीसच्या तीस शस्त्रं मोजली. मग खिशातून भिंग काढून ते योद्ध्याच्या उघड्या तोंडावर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"दात आहेत आत," ते म्हणाले. "बत्तीस?"

"मावले नाहीत. सहाच आहेत," ताई म्हणाल्या. "पण एकाला कीड आहे."

हॉलमध्ये पहिल्यांदा मोठ्याने हशा पिकला, आणि त्यात दाढीवालाही होता.

नियमाप्रमाणे सैन्याला एक लढाई खेळावी लागते. ताईंच्या वाट्याला नेमका तोच आला. त्याने दीड तासात ताईंची पलटण कापून काढली. प्रत्येक मेलेला शिपाई ताई हळूच उचलून डब्यात ठेवायच्या. शेवटचा आचारी पडला तेव्हा त्या उठल्या आणि समाधानाने म्हणाल्या, "मेले सगळे. पण जेवून मेले."

संध्याकाळी पहिलं बक्षीस जाहीर झालं ते ताईंचं. डॉक्टरांनी शिट्टी मारली, मी रडत होते. ताईंच्या हातात चषक दिला, तो थरथरू लागला आणि त्यावरची धातूची पट्टी किणकिणली. त्यांनी हात लपवला नाही. समोर माईक आला.

"मराठीत चालेल ना?" त्यांनी विचारलं. "माझा हात थरथरतो. दिसतंच आहे. तुमच्यातल्या कोणाचा थरथरत असेल आणि डोळे काढता येत नसतील, तर मला विचारा. मी इथेच कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेय."

चौघं आले. सगळ्यांत पुढे दाढीवाला होता. त्याने उजवा हात ताईंसमोर धरला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काकी, माझा पण. मी कोणाला सांगितलं नव्हतं." ताईंनी त्याची दोन मनगटं धरून एकमेकांना टेकवली.

सोमवारी शेठनी पेढे वाटले. चषकाचा फोटो लॅबच्या दाराजवळ लावला. मी म्हटलं, "शेठ, आता ताईंना परत रंगावर घ्या." त्यांनी मान हलवली. "बेटा, वो शौक है. दांत पेशंट के मुंह में जाता है." ताईंनी ऐकलं, एक पेढा तोंडात टाकला आणि प्लास्टरच्या खोलीत गेल्या.

मग एका शिक्षिकेचं काम आलं. उत्तनकडच्या एका शाळेत शिकवायची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. स्कूटरवरून पडून पुढचा दात तुटलेला. पेशंट आपल्याच डॉक्टरांची. तिचे बाकीचे दात सोपे नव्हते. त्यांवर ढगांसारखे पांढुरके डाग आणि मधूनच पुसट तपकिरी रेघा. मी तीनदा कॅप केली आणि तिन्ही वेळा परत आली. शेवटच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'रंग बरोबर. तरी खोटा दिसतो.' मग त्यांनी मुलीलाच घेऊन लॅब गाठली. ती खुर्चीत तोंडावर ओढणी धरून बसली होती. वर्गातली मुलं बघतात म्हणून आपण फळ्याकडे तोंड करून शिकवतो, असं तिने मला सांगितलं.

मी ब्रश खाली ठेवला आणि शेठकडे गेले. "मला हे येत नाही. ताईंना करू द्या. बिघडलं तर माझ्या नावावर."

शेठ काही बोलायच्या आत डॉक्टर म्हणाले, "माझ्या नावावर."

ताई कोपरापर्यंत पांढऱ्या हातांनी बाहेर आल्या. हात धुतले. मुलीला दारापाशी उजेडात नेलं आणि अर्धा तास नुसत्या बोलत राहिल्या. लहानपणी पाणी कुठलं प्यायचीस, विहिरीचं? चहा कधीपासून? चिडलीस की ओठ चावतेस का? मुलगी आधी लाजली, मग घडाघडा बोलू लागली, आणि बोलता बोलता ओढणी खाली आली. ताई तिच्या दातांकडे बघत होत्या.

मग त्या माझ्या टेबलाशी बसल्या. स्टँड बाजूला सारला. कॅप बुचावर बसवून डाव्या हातात घेतली, कोपरं बरगड्यांना, मनगटाला मनगट. आम्ही सगळे मागे उभे. शेठही होते. ब्रश थरथरत होता, दातही थरथरत होता, आणि रेघ जिथे हवी तिथेच उतरत होती. श्वास सोडायचा, टेकवायचं, उचलायचं. कॅप चार वेळा भट्टीत गेली आणि चार वेळा बाहेर आली. दुपार झाली. जेवायला कोणी गेलं नाही.

शेवटी डॉक्टरांनी कॅप मुलीच्या तोंडात बसवून पाहिली आणि ते मागे सरकले. शेठ टॉर्च घेऊन पुढे झाले. तीस वर्षं दातांत काढलेला माणूस. त्यांनी तिला हसायला सांगितलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, टॉर्च विझवून पाहिलं. मग एका दातावर बोट रोखलं.

"अच्छा है, ताई. बहुत अच्छा है. बस ये थोडा नकली लगता है."

"वो भगवान का है, शेठ," ताई म्हणाल्या. "अपना बाजूवाला."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग ती मुलगीच हसत सुटली, तोंड भरून, आणि तिच्यामागून आम्ही सगळे. शेठ टॉर्च हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि सगळ्यांसमोर सुताराला लावला.

"हां, एक टेबल और चाहिये. खिडकी के पास. आज नापने आ जाओ."

मी उठून ताईंसाठी माझी खुर्ची मोकळी करू लागले, तशी त्यांनी माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. "तुझं तुला. माझं नवं येतंय," म्हणाल्या. आणि दोन्ही कोपरं बरगड्यांना लावून, मनगटं जुळवून शेठपुढे उभ्या राहिल्या.

"सुताराला येऊ दे," त्या म्हणाल्या. "पण माप मी देणार."